शनिवारच्या चाकोऱ्या

गळ्याभोवती कापड आवळलेलं, मान न्हाव्याच्या बोटांत, वस्तरा कानामागे, अशा वेळी माणसाला काही सांगू नये एवढी अक्कल हल्लीच्या पोरांना नसते. गणेशकुमार शेजारच्या खुर्चीत तोंडभर फेस लावून बसला होता. आमच्याच गल्लीतल्या, आमच्यासारख्याच पिढ्यान्‌पिढ्या इकडे दक्षिणेत राहिलेल्या मराठी घरातला, बँकेत नोकरीला, आमच्या जावयाच्या, श्रीकरच्या जीपवाल्या मंडळींपैकी एक. आरशातून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "अंकल, तुम्ही अजून जातां तिथें? ओरत्तनाडूला, रविवारीं?" मी म्हणालो, "न जाऊन कसं होईल? दिवाळीचा पाऊस तोंडावर आलाय. चर मोकळे केले नाहीत तर सगळी वाट वाहून जाईल." तो जरा घुटमळला. "नाही, तिथें आतां गाडी कोण चालवतंय म्हणून विचारलों. आम्ही सगळे पुदुक्कोट्टै रस्त्याला गेलों ना, जुन्या खाणींत. वर्षाच्या वर जालं असेल. तुम्ही तें इतकं नीट करून टाकलां अंकल, कीं जीप घालायला मजाच राहिली नाही. सुम्मा, नुसता हायवे. माझी आई स्कूटीवर जाईल." न्हावी हसला. मीही हसलो असेन, कारण आरशात माझे दात दिसत होते. मग तो मोठ्या मायेने म्हणाला, "श्रीकरला मात्र मानलं पाहिजे. दर महिन्याला दोघांना धरून आणतो तुमच्यासाठीं. या खेपेला माझी पाळी होती, पण मज तिरुच्चीला जायचंय." एवढं बोलून त्याने आरशात माझा चेहरा पाहिला. "तुम्हांला ठाऊक आहे म्हणून बोललों," असं काहीतरी तो पुटपुटला. न्हाव्याने माझी मान पुढे वाकवली आणि मला माझ्या मांडीवर पडलेले पांढरे केस तेवढे दिसू लागले.

पाळी. आजारी माणसाजवळ बसायची पाळी असते, देवळात दिवा लावायची असते. माझी पाळी लावली होती. मी भीमसेनराव, कालव्यांच्या खात्यात जन्म काढलेला, ज्याच्या एका शब्दावर दारं वर-खाली व्हायची आणि शेपटाकडची, कालव्याच्या टोकाची शेतं भिजायची की कोरडी राहायची ते ठरायचं. हे मी फुशारकीने म्हणत नाही, म्हणतही असेन. निवृत्त झाल्यावर घरात बसलो आणि पहिल्या काही महिन्यांतच माझ्या लक्षात आलं की घरातलं पाणी चुकीचं वाहतं. मोरीला उतार नाही, गच्चीवरचा नळ गळतो, माझी बायको, राजम, भांडी घासताना धार सोडून ठेवते. मी सांगायचो. ती ऐकायची. एकदा तिने हातातलं पातेलं जमिनीवर ठेवलं, आपटलं नाही, नुसतं ठेवलं, आणि गच्चीवर जाऊन बसली. त्याच आठवड्यात श्रीकर आला. आमच्या मुलीचा, भुवनाचा नवरा म्हणजे तसा गुणी पोरगा, पण त्या उघड्या जीपपायी वेडा. म्हणाला, "मामा, आमच्या वाटेवर पाण्यानं वाट लागलीय. तुम्ही एकदा येऊन बघा. आम्हांला कोणाला कळत नाही." कोणाला कळत नाही, हे तो म्हणाला आणि मी सुखावलो. चाळीस वर्षांच्या नोकरीत एवढं साधं वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं.

ती जमीन राजमच्या माहेरची. तांबडी, खडकाळ, भाताला नालायक, काजू आणि निलगिरीची झाडं आणि मधून मधून ताड. तिचा भाऊ बेंगळूरला, त्याने श्रीकरला सांगून टाकलं की हवं ते करा. जीपवाल्यांनी तिथे चढउतारांवरून एक वेडीवाकडी वाट काढली होती, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी गाड्या बाजूला लावून सगळ्यांनी त्या वाटेची डागडुजी करायची असा त्यांचा रिवाज होता. त्या दिवशी इंजिन सुरू करायचं नाही, हा नियम पुढे मी घालून दिला. मम्बट्टी, म्हणजे फावडं, आणि पहार घेऊन चालायचं, काटेरी झुडपं तोडायची, खड्डे भरायचे. मी पहिल्या रविवारी गेलो तेव्हा डझनभर तरी पोरं होती, चांगल्या घरची, चांगल्या नोकऱ्यांतली, आणि सगळी चुकीचं खणत होती. चाकोरी नुसती मातीने भरायची नसते. पावसाचं पाणी चाकाच्या खुणेतूनच खाली धावतं आणि जाता जाता तिला खोल करतं. म्हणून आधी उतारावर तिरका बांध घालून पाण्याला वाटेबाहेर काढायचं, मग भरायचं. मी हे सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. मी काठीने जमिनीवर रेघ मारायचो आणि ते त्या रेघेवर खणायचे. दुपारी काजूखाली बसून राजमने दिलेला चिंचेचा भात सगळ्यांना वाढताना मला वाटायचं की खातं मला विसरलं तर विसरू दे, पाणी विसरलेलं नाही.

न्हाव्याने पैसे घेतले, मी बाहेर पडलो, आणि दक्षिण वीथीतून घरी येताना मला ते टायर आठवलं. ते आठवलं तेव्हा मी भर रस्त्यात थांबलो. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने मला शिवी दिली ती योग्यच होती. गेलं वर्षभर त्या वाटेवर एकाच टायरच्या खुणा होत्या. मी त्या पाहिल्या होत्या, दर महिन्याला पाहिल्या होत्या, डावीकडच्या कडेला एक नक्षी झिजलेली होती तेसुद्धा मला पाठ होतं. आणि मी काय म्हणालो होतो? मी श्रीकरला म्हणालो होतो की आता बाकीची पोरं शिस्तीने, कडेने चालवायला शिकली, खुणासुद्धा उमटत नाहीत, तूच काय तो आडदांड. श्रीकर मान खाली घालून हसला होता. माणसं कमी का येतात, तर काम कमी झालं म्हणून. माझे बांध टिकले म्हणून. भर उन्हाळ्यात, महिनाभर थेंब पडलेला नसताना, वळणावर ओल्या मातीत उमटून वाळलेल्या खोल चाकोऱ्या दिसल्या, तेव्हाही मी शोध लावला होता की त्या टेकाडावर एखादा वेगळा ढग अडकत असावा. घरी येऊन राजमला तसं सांगितलं. ती तांदूळ निवडत म्हणाली, "असेल. तिथला पाऊस वेगळाच. लहानपणापासून बघतें मी." कालव्यांच्या खात्यातल्या माणसाने जावयाने ओतलेल्या बादलीला ढग म्हटलं होतं आणि घरातल्या बाईने त्याला साथ दिली होती. मूर्ख बनवलं याचा राग होताच, पण मी इतका सहज बनलो, त्यांना फारसे कष्टही पडले नाहीत, याचा राग जास्त होता.

घरी आलो तर राजमने कापी आणून दिली आणि केस बरे कापले म्हणाली. खरं तर मी आरडाओरडा करायला हवा होता, तसा माझा लौकिक आहे. पण तोंड उघडलं आणि काय विचारायचं तेच समजेना. तू मला घराबाहेर काढण्यासाठी एक खोटं जंगल उभं केलंस का? मी तुला इतका नकोसा झालो होतो का? असले प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही. आमच्याकडे मीठ जास्त पडलं का ते विचारतात. ती समोर बसून पालेभाजी मोडत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसा. दर पहिल्या रविवारी मी लाल मातीने माखून यायचो आणि कुठल्या उतारावर कसा बांध घातला ते तिला सविस्तर सांगायचो, ती "मग?" म्हणायची, "पुढें?" म्हणायची. त्या "पुढें"मध्ये काय होतं? हसू होतं की कंटाळा? की नुसतं कर्तव्य? मला लग्नापासूनच्या तिच्या सगळ्या "पुढें" पुन्हा एकदा तपासून बघाव्याशा वाटल्या. "उद्यां मी भुवनाकडे जातें," ती म्हणाली, "दिवाळीचे मुरुक्कु तळायचे आहेत. संध्याकाळीं येईन." पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी ती नेहमीच भुवनाकडे जायची. मी त्या दिवशी घरी बसून मम्बट्टीला धार लावायचो. मी "बरं" म्हणालो.

शनिवारी ती गेल्यावर मी जुन्या बस स्टँडवरून ओरत्तनाडूची बस धरली. मनात एवढंच होतं की श्रीकरला रंगेहाथ पकडावं. खिडकीशी बसून मी वाक्यं जुळवत होतो. एक फार चांगलं जुळलं होतं, की बाबा रे, म्हाताऱ्याला खेळवायचं तर खुळखुळा स्वस्त पडला असता. ते वाक्य मी तीनचारदा मनात घोळवलं आणि प्रत्येक वेळी श्रीकरचा चेहरा पडलेला पाहिला. खरं सांगायचं तर प्रवास बरा गेला. दयेचा राग येणं ही तशी सुखाची गोष्ट आहे. आपण त्यात मोठे असतो आणि बाकी सगळे लहान. बसमधून उतरून मी आडवाटेने गेलो, फाटकाकडून नाही. जीपचा आवाज लांबूनच ऐकू आला.

काजूच्या झाडामागून मला सगळं दिसत होतं. वळणावर श्रीकर प्लास्टिकचे कॅन ओतत होता. माती पाणी प्यायली की आणखी ओतायचा, पायाने दाबून बघायचा, पुन्हा ओतायचा; लक्ष देऊन, मन लावून, मी शिकवलं होतं त्याच्या बरोबर उलट. मी वाक्य तयार करून पुढे पाऊल टाकणार तोच जीपमधून आवाज आला. "पुरे रे! किती भिजवतोस? चल, ये आतां!" तो आवाज मी ओळखला आणि तरी ओळखला नाही. जीपमध्ये राजम बसली होती. पुढच्या सीटवर, पदर कमरेला खोचलेला, चपला काढून दोन्ही पाय समोर रेटलेले, एक हात वरच्या दांडीला. श्रीकर चढला, गाडी मागे गेली आणि मग गुरगुरत त्या चिखलात घुसली. चाकं फिरली, लाल चिखल दोन्ही बाजूंना उडाला, गाडी डावीकडे इतकी कलली की माझ्या तोंडून आवाज निघाला, पण तो कोणाला ऐकू येणार? राजम ओरडत होती. "अजून! अजून जोरांत! तो बांध आहे ना त्यांचा, तो पुढचा, त्याच्यावरून घे!" गाडी माझ्या बांधावर चढली, क्षणभर वरच राहिली आणि दाणकन पलीकडे आपटली. आणि राजम हसली.

ते हसणं कसं होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी ते पूर्वी ऐकलेलं नाही. आमच्या घरात ती हसते, तोंडाला पदर लावून, सीरियल बघताना हसते, नातवंडांच्या चाळ्यांना हसते. हे पोटातून येत होतं, थांबत नव्हतं, तिचा श्वास अडकत होता आणि ती श्रीकरच्या खांद्यावर थापा मारत होती. चिखलाचा एक शिंतोडा तिच्या गालावर होता आणि तिने तो पुसला नव्हता. साठी जवळ आलेली बाई, संधिवाताच्या गोळ्या घेते, जिना चढताना कठडा धरते. मी झाडामागे उभा होतो आणि मला वाटत होतं की पकडला गेलो तो मीच. तोवर माझी समजूत होती की त्यांनी माझ्यावर दया केली. दया असती तर बरं झालं असतं. ही मंडळी माझ्यासाठी त्रास घेत नव्हती, मजा करत होती. दर महिन्याला, माझ्यामागे, माझ्याच बांधांवरून. आणि त्या मजेत मला बोलवावं असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. लग्नानंतर आम्ही कुठे कुठे गेलो ते मी तिथे उभ्या उभ्या आठवू लागलो. कल्लणैचा बंधारा. मेट्टूरचं धरण. वैगैचं धरण. सगळीकडे मी तिला दारं दाखवली होती, पाण्याची पातळी दाखवली होती. ती पदर डोक्यावर घेऊन बघत होती, फोटो आहेत. ते वाक्य, खुळखुळ्याचं, मला आठवेनासं झालं. ते दोघं तिसरी फेरी मारायला वर गेले तेव्हा मी आल्या वाटेने परत गेलो.

मी घरी पोचलो तेव्हा ती आधीच येऊन, न्हाऊन, ओले केस पसरून बसली होती. "कोठें गेलां होतां?" तिने विचारलं. "मोठ्या देवळांत," मी म्हणालो. "बरं केलां," ती म्हणाली आणि मुरुक्कूचा डबा पुढे केला. भुवनाने केले असतील किंवा दुकानातून आणले असतील. मी एक खाल्ला. चांगला होता. ती पाठीला हात लावून उठली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तळत उभं राहून पाठ धरली." किती सहज म्हणाली. मला सरकारी नोकरीत इतकं सहज कधी खोटं बोलता आलं नाही.

रविवारी श्रीकर नेहमीच्या वेळेला आला. मागच्या सीटवर त्याचे दोन दोस्त होते, पाळीचे. राजमने भाताचा डबा आणून दिला. ओरत्तनाडूला पोचलो, फाटकाशी सगळे उतरले, मम्बट्ट्या काढल्या. दोघं पुढे चालू लागले. मी उतरलो नाही. "काय जालं, मामा?" श्रीकरने विचारलं. मी म्हणालो, "आज आधी मला या वाटेवरून फिरव. दोन वर्षं हिची हजामत करतोय, एकदाही गाडीतून बघितलेली नाही." तो हसला. "आज इंजिन सुरू करायचं नाही ना, मामा. तुमचाच नियम." "माझा नियम. मीच मोडतो. चल." त्याने गाडी सुरू केली. आणि चालवली कशी म्हणता? भरलेली घागर न्यावी तशी. प्रत्येक खड्डा चुकवून, प्रत्येक बांधाआधी थांबून, मला विचारून. वळण आलं. काल ओतलेलं पाणी अजून मातीत होतं. त्याने ब्रेक लावला आणि गाडी कडेने काढायला लागला.

"मधून घे," मी म्हणालो.

"नको मामा, फार खोल आहे. तुमची पाठ धरेल."

"तिची नाही धरली?"

त्याने इंजिन बंद केलं. पुढे गेलेले दोघं वळून बघत होते. त्याने हाताने त्यांना जा म्हणून खूण केली. बराच वेळ तो स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिला. मग माझ्याकडे न बघताच बोलायला लागला. सुरुवातीला खरंच सगळे येत होते, म्हणाला. मग मंडळी खाणीकडे गेली आणि तुम्हांला सांगायचं कोणी, म्हणून मी येऊन चाकोऱ्या पाडायला लागलों. मामींना हें ठाऊक होतं. एकदा त्या म्हणाल्या, मज घेऊन चल, माहेरची जमीन बघतें. तेव्हापासून येतात. "त्यांचा दोष नाही, मामा. मीच सुरू केलं." मी म्हणालो, "दोष कोण विचारतंय? तिला एकदाही वाटलं नाही, यांनाही न्यावं म्हणून?" मी त्याच्याकडे बघत राहिलो. माझं बघणं कसं असतं ते आमच्या खात्यातल्या माणसांना विचारा.

"मींच विचारलों होतों एकदां," तो शेवटी म्हणाला. "मामांनाही आणूं कां, म्हणून. तर मामी म्हणाल्या…"

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, ‘नको रे. ते आले तर पाणी कोठून कोठें जातें तेंच ऐकायला लागेल. मज एक दिवस तरी सुम्मा हसूं दे.’"

तो तिच्याच सुरात बोलला, मुद्दाम नाही, पण हुबेहूब. मला ती बोलताना दिसली, गालावर चिखल असलेली. तिच्यावर नाही तर श्रीकरवर तरी ओरडायला हवं होतं. पण वाक्य खोटं असतं तर ओरडता आलं असतं. काजूवर कुठेतरी एक भारद्वाज हुम् हुम् करत होता आणि इंजिन थंड होताना टकटक वाजत होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते त्याने बघू नये म्हणून मी घाईने खाली उतरलो, आणि पाय नेमका कालच्या चिखलात गेला, घोट्यापर्यंत.

"मामा, राहूं द्या आज," श्रीकर म्हणाला. "घरीं जाऊं. उगाच कशाला आतां?"

मी मम्बट्टी घेतली. आधी मोडलेला बांध पुन्हा घातला, मग चाकोरीतला चिखल उपसला, कोरडी मुरमाड माती आणून घातली, दगड बसवले, वर पुन्हा माती. श्रीकर मदतीला आला तेव्हा त्याला दूर व्हायला सांगितलं. तो गाडीला टेकून उभा राहिला. उन्हं चढली, दोघं परत आले, भात खाऊन झाला त्यांचा, मी त्याच वळणावर होतो. लाकडी चोपण्याने मी ती जागा चोपत होतो, एक थर झाला की पाणी शिंपडून दुसरा, कालव्याचा भराव चोपतात तशी. हात भरून आले तरी थांबलो नाही. नखाने ओरखडा उमटेना इतकी ती घट्ट झाली, तेव्हा चोपणं टाकलं. येऊ दे तिला पुढच्या खेपेच्या शनिवारी. बसू दे पुढच्या सीटवर, पाय रेटून. आता इथे हसून दाखव म्हणावं.